रुद्रेशच्या लॅपटॉपमधली माटोळी

धारगळच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं गौरेश बघायचा. चतुर्थी आठ दिवसांवर आली आणि हेड ऑफिसनं फर्मान काढलं: कंपनीच्या लॅपटॉपवर घरचे फोटो, व्हिडिओ, गाणी ठेवायची नाहीत. ती आपोआप सर्व्हरवर चढतात आणि जागा अडते. शुक्रवारपर्यंत साफ करा. गौरेशनं एकेकाला बोलावलं, पेनड्राइव्हवर कॉपी करून दिली आणि मगच पुसलं. ऑफिसातल्या सेजलचे डोहाळजेवणाचे फोटो तर त्यानं दोनदा तपासून दिले. माणूस तसा वाईट नव्हता. पण डिस्पॅचच्या रुद्रेशचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखायचं.

कारण होती माटोळी. गणपतीच्या डोक्यावर रानफळांची ही चौकट सगळेच टांगतात, पण गावच्या स्पर्धेत पहिला नंबर ओळीनं सहा वर्षं रुद्रेशच्या घरी. दुसरा गौरेशचा. दुसरा नंबर म्हणजे काय, ते ज्याला मिळतो त्यालाच विचारावं. रुद्रेशचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले, आता तरी नशीब फिरेल असं गौरेशच्या मनात आलं होतं. त्याची त्याला लाजही वाटली होती. तरी नंबर रुद्रेशचाच आला.

आणि आता हा पठ्ठ्या दोन दिवस रजा टाकून फळं आणायला रानात गेला होता.

गौरेशनं त्याचा लॅपटॉप उघडला. 'माटोळी' नावाचा फोल्डर, तीनशे फोटो, काही व्हिडिओ. रुद्रेशचा फोन भरला तेव्हा त्यानं हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर टाकून फोनमधून काढलं होतं. फोनवर दिसायचे ते सर्व्हरवरचेच. इथे पुसलं की तिथूनही गेलं, हे गौरेशइतकं कोणाला ठाऊक? एक फोन करायला हवा होता. तो त्यानं केला नाही. नियम म्हणजे नियम, असं म्हणून त्यानं बटण दाबलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

शुक्रवारी रुद्रेश धावत आला. हातांवर काट्यांचे ओरखडे होते.

"गौरेश, माझे फोटो खंय गेले रे? मोबायलारय दिसनत नाय."

"ऑर्डर होती. सगळ्यांचेच काढूक लागले."

"बाबांचो व्हिडिओ होतो त्यात. माटोळी बांधतानाचो. दुसरीकडे खंयच नाय." एवढं बोलून तो खुर्चीत बसला, मग उठून गेला.

पुसलेलं तीस दिवस सर्व्हरच्या कचरापेटीत राहतं आणि तिथून फक्त गौरेशलाच काढता येतं. चतुर्थी होऊन जाऊ दे, मग देऊ, असा त्यानं हिशेब केला. पण बांधतानाचा व्हिडिओ म्हटल्यावर त्याला राहवेना. म्हाताऱ्याचं कसब एकदा डोळ्यांखालून घालावं, जमलं तर उचलावं! त्यानं तेवढा एक व्हिडिओ परत काढला आणि हेडफोन लावला.

म्हातारा स्टुलावर उभा राहून सुपारीचा घड बांधत होता.

"ही गाठ माझी नाय हां," तो सांगत होता. "गौरेशाच्या घराकडे गेल्या चवतीक बघून इलंय. त्याचो हात माझ्यापरास बरो."

"मगे नंबर आमचोच कसो येता?" रुद्रेशचा आवाज.

"परीक्षक फळां मोजतत. गाठ कोण बघता?"

गौरेशनं व्हिडिओ तीनदा लावला. सहा वर्षांत जे ऐकायला तो आसुसला होता, ते ह्या फोल्डरात पडून होतं, आणि त्यानं ते स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकलं होतं. त्यानं सगळा फोल्डर परत आणला, पेनड्राइव्हवर घेतला आणि डिस्पॅचमध्ये गेला.

"घे. मीच पुसलंय, तुका कॉपी न देता. मुद्दाम," तो म्हणाला. "आणि बाबांचो व्हिडिओय बघितलंय."

आता हा शिव्या घालणार, म्हणून गौरेश मान खाली घालून उभा राहिला. पण रुद्रेशचाच चेहरा उतरला. त्यानं पेनड्राइव्ह मुठीत धरला.

"बाबांनी सांगलेला, गौरेशाक ह्यो दाखय म्हणान," तो म्हणाला. "तीन वर्सां झाली. माका दाखवूक जमला नाय."

"कित्या?"

"माझो हात बरो, असा बाबांनी कधी म्हटल्यानी नाय."