बकुळाबाईंची मूठ

उल्हासनगरच्या एका कारखान्यात बरण्यांची झाकणं उघडायचे ओपनर बनत, आणि बकुळाबाई एकोणीस वर्षं ते खोक्यांत भरत आल्या होत्या. एका सकाळी कुळगावच्या घरी लोणच्याची नवी बरणी त्याच ओपनरनं त्यांना उघडेना. संधिवातानं बोटं सुजलेली, अंगठ्यात जोर नाही, आणि पत्र्याची अरुंद मूठ तळव्यात रुतत होती. शेवटी बरणी घेऊन त्या शेजारी गेल्या. शेजारच्या सुनेनं ती चुटकीसरशी उघडून दिली. बकुळाबाईंना मात्र ते दिवसभर लागून राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्या शेठच्या केबिनमध्ये गेल्या.

"शेठ, मूठ जाड करायला पाहिजे. हात दुखतो."

"अरे बाई, बीस साल से हाच माल जातोय. कोणाची कंप्लेंट आहे?"

"माझी आहे ना."

शेठ हसले आणि फोनला लागले.

घरी बकुळाबाईंनी घट्ट कणीक मळली, ओपनरच्या मुठीवर थापली आणि हाताला सोसेल तशी आवळली. बोटांचे ठसे उमटले. वाळल्यावर तो गोळा फडक्यात गुंडाळून त्यांनी कारखान्यात लेथ चालवणाऱ्या हरिचंद्रभाऊंपुढे ठेवला.

"अशीच लाकडाची करून द्या."

पहिली मूठ ओल्या हातातून निसटली. दुसरी इतकी जाड झाली की पॅकिंगमधल्या विठाच्या छोट्या हातात मावेना. तिसरीला हरिचंद्रभाऊंनी दांडा चार बोटं लांब घेतला. "ताई, दांडा लांब तेवढा जोर कमी," असं म्हणत त्यांनी वरून सायकलच्या मुठीचं रबर चढवलं. जेवणाच्या सुट्टीत सात बायकांनी साबणाच्या हातांनी बरणी उघडून पाहिली.

"अगं बाई! मनगट पिळावंच लागत नाही," विठा म्हणाली.

बकुळाबाई तशाच केबिनमध्ये शिरल्या. हातात बरणी, दोन ओपनर आणि सेलोटेप.

"शेठ, हात द्या."

काय चाललंय ते शेठना कळायच्या आत त्यांचा अंगठा तळव्याला चिकटवून झाला होता.

"आता तुमच्या मालानं उघडा."

शेठनी जोर लावला. चेहरा लाल झाला, झाकण हललं नाही.

"अंगठा मोकळा कर पहिले!"

"माझा कोण मोकळा करणार, शेठ?"

शेठनी आपणहून दुसरा ओपनर उचलला, लांब दांडा तळव्यानं रेटला. टक् करून झाकण सुटलं. त्यांनी ते पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

"नवीन डाय, नवा साचा पाडावा लागेल," दातांनी टेप तोडत ते म्हणाले. "पहिले पन्नास पीस बनवून बघू."

"आणि ते पास आम्ही बायका करणार. नाही म्हटलं तर माल बाहेर जाणार नाही."

शेठनी टेपचा गोळा टोपलीत टाकला.

"ठीक आहे."

पहिल्या पन्नासातले अकरा बकुळाबाईंनी परत पाठवले. रबर सैल होतं. शेठ कुरकुरले, पण ते अकराही पुन्हा हरिचंद्रभाऊंच्या टेबलावर गेले.