अर्जदाराचे दोन्ही कान

घरात तिला सगळे बारकी म्हणत. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आणि वेड कसलं, तर गाई-म्हशींचं. पशुवैद्यकाची पदवी घेऊन सात आठवडे झाले होते आणि तेवढ्यात तिने नोकरीच्या जाहिराती वाचण्यातही जवळजवळ पदवीच मिळवली होती. 'आकर्षक पगार' म्हणजे कमी पगार. 'कुटुंबासारखं वातावरण' म्हणजे रविवारी सुट्टी नाही. आणि 'नवोदितांनी अर्ज करावा, तीन वर्षांचा अनुभव आवश्यक' असं लिहिणाऱ्या गृहस्थांना एकदा भेटून कोपरापासून नमस्कार करावा, असं तिच्या फार मनात होतं.

साडेअकराला फोन वाजला. गेल्या आठवड्यात जिथे मुलाखत झाली होती, त्या जनावरांच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः बोलत होत्या.

"तुमची निवड केलीय. मोठ्या जनावरांचा विभाग."

बारकी खुर्चीवरून अशी उडाली की गुडघा टेबलावर आपटला. दुखलं की नाही ते तिला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

"आता नोंदणी क्रमांक सांगा, म्हणजे पत्र तयार करते."

"तो... यायचाय, मॅडम."

"अजून? सात आठवड्यांत?" बाईंचा आवाज उतरला. "हे बघा, नंबर नसेल तर तुम्ही वजन कराल, पाय धराल, जखम धुवाल. सुई टोचता येणार नाही, औषधाची चिठ्ठी लिहिता येणार नाही. तो मदतनिसाचा हुद्दा, आणि पगार डॉक्टरच्या पगाराचा तिसरा हिस्सा. मला मदतनीस नकोय, डॉक्टर हवाय. दुसरी एक मुलगी नंबर घेऊन तयार बसलीय. पाच वाजता मी पत्र काढणार. कुणाच्या नावाचं, ते तुम्ही ठरवा."

फोन ठेवला तरी बारकी उभीच होती. मोठी जनावरं! पाच वर्षं जिच्यासाठी शेणात कोपरापर्यंत हात घातले, ती नोकरी चालत घरी आली होती आणि एका आकड्यासाठी दारात खोळंबली होती.

आई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. दुपारचा वर्ग संपवून ती आली आणि सगळं ऐकून म्हणाली, "बरोबर आहे बाईंचं. लायसन्स नाही त्याने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. चल, बस गाडीत. परिषदेत जाऊन विचारू."

गाडी शाळेचीच. टपावर 'शिकाऊ' असा हा मोठा बोर्ड. आईने वीस वर्षांत एकदाही नियम मोडला नव्हता आणि आजही मोडणार नव्हती. शिकवणाऱ्याच्या जागेवर बसलेल्या बारकीच्या पायाशी एक जादाचा ब्रेक होता. तिला हवा होता अॅक्सिलरेटर.

"आई, सायकलवाला पुढे गेला गं!"

"जाऊ दे. त्याला घाई असेल."

पशुवैद्यक परिषदेच्या कचेरीत पोचेपर्यंत अडीच वाजले. खिडकीमागच्या कारकुनाने शांतपणे डबा बंद केला, हात पुसले, संगणकात अर्जाचा क्रमांक घातला आणि पडद्याकडे बघतच राहिला.

"तुमच्या अर्जावर हरकत आहे, ताई."

"हरकत? कसली? मला कुणी कळवलं नाही."

"कळवलंय ना. तीनदा. कॉलेजच्या ईमेलवर."

तो ईमेल पदवी मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉलेजने बंद केला होता. बारकीने खिडकीत डोकं घातलं. "पण हरकत काय आहे?"

कारकुनाने पडदा तिच्याकडे फिरवला. 'अर्जदाराचे अलीकडचे छायाचित्र' या चौकटीत एक ओलंचिंब वासरू होतं. जीभ एका बाजूला लोंबत होती.

बारकीला एका क्षणात सगळं आठवलं. अर्ज भरला तो गोठ्यातल्या कामाच्या शेवटच्या दिवशी, दोन गाईंच्या मध्ये उभ्यानेच, एका हातात मोजा, दुसऱ्यात फोन. त्या फोनमध्ये चारशे फोटो, त्यातले माणसांचे पाच. घाईत बोट एक घर चुकलं होतं.

"फोटोच्या सगळ्या अटी मी तपासल्या," कारकून गंभीरपणे म्हणाला. "पाठीमागे पांढरी भिंत, आहे. डोळे उघडे, आहेत. अर्जदाराचे दोन्ही कान स्पष्ट दिसले पाहिजेत, तेही दिसतायत. पण मला मनातून पटेना."

आईला हसू आवरेना म्हणून तिने तोंडाला पदर लावला. बारकीला मात्र रडावं की हसावं कळत नव्हतं. "काका, पाचच्या आत नंबर मिळाला नाही तर माझी नोकरी जाते हो."

कारकुनाचा चेहरा जरा सैल झाला. "खाली फोटोवाला आहे. नवा फोटो आणा, चूक मान्य केल्याचा अर्ज लिहा. बाकी परीक्षा-बिरीक्षा सगळं चोख आहे तुमचं. पण सही निबंधक साहेबांची, आणि साहेब मीटिंगमध्ये. चारच्या आत काही उठायचे नाहीत."

फोटोवाल्याकडे वेगळंच संकट. "हसू नका," तो म्हणाला. बारकीने ओठ मिटले, तर गाल फुगले. तिला वासरू आठवत होतं, आणि नोकरी, आणि पुन्हा वासरू. चार फोटो बाद झाले. शेवटी आई कॅमेऱ्यामागे उभी राहून म्हणाली, "बारके, चार वाजत आले," तेव्हा कुठे सरकारी चेहरा निघाला.

निबंधक साहेब सव्वाचारला आले. स्वतः जुने पशुवैद्य, केस पिकलेले. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि चष्म्यावरून विचारलं, "हा कोण?"

"सर, माझं पहिलं वासरू. म्हणजे... मी एकटीने सोडवलेलं. पाय मागे दुमडलेले होते. बाहेर आलं तेव्हा श्वासच घेत नव्हतं. नाक साफ केलं, छाती चोळली, गवताची काडी नाकात घातली..." ती भडाभडा बोलत सुटली होती. नोकरी, घड्याळ, सगळं विसरून.

"आणि?"

"शिंकलं, सर! माझ्या तोंडावर!"

साहेबांनी शपथेचा कागद पुढे सरकवला. बारकीने उभं राहून तो वाचला. मुक्या जीवाचं दुःख कमी करीन, माहीत नसेल ते माहीत आहे असं भासवणार नाही. शेवटच्या ओळीला मागे आईने नाक ओढल्याचा आवाज आला. साहेबांनी सही केली, कारकुनाने शिक्का मारला. पाच आकडी नंबर. घड्याळात चार पस्तीस.

तिने जिन्यातूनच फोन लावला आणि नंबर इतक्या जोरात सांगितला की दोन मजल्यांना ऐकू गेला.

"लिहून घेतला," मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पत्र तुमच्याच नावाचं. पण उद्या कशाला, आत्ताच या. मी आता ऑपरेशनला उभी राहतेय आणि अंगणात एक गाय येऊन पडलीय."

"आई, चल!"

आई चाळीसच्या वेगाने निघाली. त्या रस्त्याला मर्यादा चाळीसचीच होती, पण आईने ती पुरेपूर वापरली, हेच बारकीला केवढं वाटलं.

दवाखान्याच्या अंगणात गाय बसलेली होती, मान पोटाकडे वळवून. उठवलं तरी उठत नव्हती. शेजारी तिची मालकीण, एक म्हातारी. काल व्यायली, दूध भरपूर, सकाळपासून खाल्लं नाही, असं तिने सांगितलं. बारकीने अंग चाचपलं, गार लागलं. छातीचे ठोके ऐकले. रक्तातलं कॅल्शियम उतरलं होतं. शिरेतून हळूहळू द्यायचं, घाई केली तर हृदय थांबतं. पुस्तकातलं पान डोळ्यांपुढे होतं, पण पुस्तकातली गाय श्वास सोडत नव्हती, हिचा गरम श्वास मनगटावर येत होता.

तिने बाटली टांगली आणि सुई हातात घेतली. म्हातारीने चटकन तिचा हात धरला. वरपासून खालपर्यंत तिला निरखून विचारलं, "पोरी, किती दिवस झाले तुला डॉक्टर होऊन?"

मघाचीच शपथ अजून कानात होती. बारकीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"चाळीस मिनिटं, आजी."

फाटकापाशी उभ्या असलेल्या आईने डोळे मिटून घेतले.

म्हातारीने गाईकडे पाहिलं, मग बारकीकडे. आणि तिने हात सोडला.

"मग शिकलेलं काही विसरायला वेळच नाही मिळाला तुला. टोच."

बारकीने अंगठ्याने शीर दाबून धरली, ती फुगेपर्यंत थांबली आणि सुई आत घातली.