डोरीनच्या कॉलरवरचा माइक

मित्रांनो, आकाराने मी वाटाण्याएवढा. टीव्हीवर शंभरदा पाहूनही तुम्ही मला ओळखणार नाही. मी एक जुना माइक आहे, कॉलरला लावायचा. माणसाच्या गळ्यापासून चार बोटांवर माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एका बाईने मला भिंगाखाली धरून माझ्या तारा जोडल्या आणि मी नीट ऐकतो की नाही ते पाहायला हळूच 'एक, दोन' म्हटलं. पुढे डेस्मंडने मला विकत घेतलं. डेस्मंड ध्वनिमुद्रण करायचा. माणूस धिप्पाड, पण बोलणं मोजकं. रोज काम संपलं की तो माझ्यावरचा घाम पुसायचा, वायर हलक्या हाताने गुंडाळायचा आणि मला डबीत ठेवायचा. इतकी निगा नशिबाने मिळते.

उत्तर इंग्लंडमधल्या एका विमानतळावर तेव्हा एक मालिका चालायची. तिच्यात नट नव्हते आणि लिहिलेले संवादही नव्हते. स्वस्त तिकिटांची एक विमान कंपनी, तिथले कर्मचारी आणि त्यांच्याशी भांडणारे प्रवासी. जे घडेल ते टिपायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी दाखवायचं. लोक मांडीवर ताट घेऊन बघत बसायचे.

मला लावायचे डोरीन पिकव्हन्सच्या कॉलरला. बाई पन्नाशीची, नीटनेटकी, जिभेची तिखट. विमान सुटायच्या अर्धा तास आधी काउंटर बंद, मग राव येवो की रंक, असा कंपनीचा नियम होता आणि तो सांगायचं काम डोरीनचं. "काउंटर बंद झालाय, राजा," ती म्हणायची. लोक आदळआपट करायचे, रडायचे, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. मालिका अशी गाजली की गावातला मासे तळून विकणारा तिला येताना बघून दारावरची पाटी उलटी करायचा आणि म्हणायचा, "बंद झालंय, राजा." ती हसायची. आवाज स्वच्छ आला म्हणून डेस्मंडला शाबासकी मिळायची. खोटं कशाला बोलू, मीही फुशारलो होतो.

एका सकाळी मॅलकी डेव्हलिन नावाचे एक म्हातारे गृहस्थ काउंटरवर आले. हातात छोटी बॅग आणि घडी केलेला काळा टाय.

"काउंटर बंद झालाय, राजा. विमानाला बावीसच मिनिटं उरलीत," डोरीन म्हणाली.

"मी तासाभरापासून इथेच उभा आहे. त्या तिकडच्या रांगेत."

"ती रांग स्पेनची. तुम्हाला जायचंय बेलफास्टला. कुणाला विचारायचं तरी."

"सगळे आपापल्या घाईत होते. म्हटलं, कशाला उगीच त्रास द्या."

या देशातला माणूस चुकीच्या रांगेत जन्म काढील, पण पुढच्याच्या पाठीला हात लावून विचारणार नाही. डोरीनला हे ठाऊक होतं. तिने टायकडे पाहिलं.

"भाऊ गेला," ते म्हणाले. "दुपारी एक वाजता पुरायचंय त्याला."

मालिकेची दिग्दर्शिका फिलिपा हिने कॅमेरावाल्याला खुणेने पुढे ढकललं. तिला आरडाओरड हवी होती. म्हातारा मात्र एवढंच म्हणाला, "बरं. तुमचा काय दोष, बाई." आणि जाऊन बाकावर बसला.

डोरीन तडक कर्मचाऱ्यांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. इथेच या माणसांची नेहमीची चूक व्हायची. कॅमेरा नजरेआड झाला की त्यांना वाटायचं, सुटलो. कॉलरवरचा मी कुणाच्या ध्यानातच राहायचो नाही. फिलिपाला हे पक्कं माहीत होतं. तिने कॅमेरा बंद दारावर रोखायला लावला. बाहेर दाराचं चित्र आणि आतला आवाज, एवढ्यावर तिचे भाग गाजायचे.

आत डोरीनची मैत्रीण बर्नडेट चहा करत होती. "काय गं, काय झालं?"

"आई मला ओळखत नाही, बर्नी. सहा महिने झाले. पण वृद्धाश्रमात दर शुक्रवारी सगळ्यांबरोबर मला टीव्हीवर बघते. परवा मी तिच्या शेजारी बसले होते. मलाच म्हणते, बघ ही बया, किती खडूस आहे. कुणाची पोर आहे कोण जाणे."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो ना, भारी खडूस आहे." आणि डोरीनला रडू फुटलं.

दाराबाहेर डेस्मंडच्या कानाला हेडफोन होते. हे सगळं शुक्रवारी दाखवलं जाणार आणि तिची आईही ते बघणार, हे त्याला समजत होतं. त्याने माझ्या आवाजाचं बटण शून्यावर आणलं. जे टेपवर गेलं होतं, ते त्याने संध्याकाळी फिलिपाने ऐकायच्या आधी पुसून टाकलं. नोकरी जाण्यासारखं काम होतं ते.

थोड्या वेळाने डोरीन डोळे पुसून बाहेर आली. दोन कप चहा घेऊन मॅलकीजवळ बसली. दुपारच्या विमानात तिने त्यांना जागा करून दिली होती. "पुरताना नाही, पण मागाहून सगळे जेवायला बसतील तेव्हा तरी पोहोचाल," ती म्हणाली. मग ते भावाच्या कबुतरांबद्दल बोलत राहिले आणि ती ऐकत राहिली. डेस्मंडने मला बंदच ठेवलं आणि लांब दांड्याचा दुसरा माइक पुढे धरला.

संध्याकाळी फिलिपा भडकली. "दारामागचा आवाज कुठाय?"

"माइक बिघडला."

"नेमका तेव्हाच?"

"जुना झालाय," डेस्मंड म्हणाला.

"मग फेकून दे तो. आता भागाच्या शेवटी मी लावू काय?"

"चहाचं आहे की. तो आवाज चांगला आलाय."

त्याने माझ्या वायरला 'खराब' लिहिलेली चिकटपट्टी लावली आणि डबीचं झाकण लावलं. उभ्या आयुष्यात माझं एक अक्षर चुकलं नव्हतं. मला फार लागलं, मित्रांनो. डोरीनच्या कॉलरवर नवा माइक आला आणि मला कुणी विचारेना. डेस्मंडने मला फेकलं मात्र नाही. महिन्यातून एकदा तो डबी उघडायचा आणि मला पुसून परत ठेवायचा.

तो भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी डोरीन त्याच्याकडे आली. पुसायला काढलेला मी टेबलावरच होतो.

"त्या दिवशी खोलीत जाताना तुझा माइक काढायला विसरले मी, डेस."

"मला काही ऐकू आलं नाही. बिघडला होता."

तिने माझ्यावरची पट्टी वाचली.

"काल आईपाशी बसले होते," ती म्हणाली. "चहाचं दाखवत होते. आई म्हणाली, आईने चांगलं वळण लावलंय हो हिला."

"तू काय म्हणालीस?"

"तिचा हात हातात घेतला. तिने घेऊ दिला."

मित्रांनो, तेव्हापासून त्या पट्टीचं मला वाईट वाटत नाही. जुन्या वस्तू पुसून ठेवत जा, त्यांनी काय काय पोटात ठेवलंय ते तुम्हाला माहीत नसतं. आणि टीव्हीवर कुणाची फजिती चालली असेल तर हसा, माझी ना नाही. फक्त त्या माणसाची आई तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसली आहे, असं समजून हसा.