शेजारची सीट

“मावशी, ही गाडी पुढे जाणार नाही.”

“का? रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?”

नाक्यावरचा शिपाई बिचारा खाली बघू लागला. आजपासून शहरात जुन्या डिझेल गाड्यांना बंदी, म्हणाला. माझी गाडी जुनी आहे, मान्य. पण आमच्या गावात बस येत नाही, आणि धड चालणारी गाडी म्हणाल तर ही एकच. मी उपकेंद्रातली नर्स. अडलेल्या बायका, विंचू चावलेले, फणफणलेली पोरं, सगळे हिच्यातूनच दवाखान्यात गेले. आता मागच्या सीटवर माझाच नवरा आडवा होता. घशाचा कॅन्सर. रेडिएशन चालू होतं आणि एकही दिवस चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“सिस्टर, भांडून गाडी नवी होणार नाही,” मागून ह्यांचा घोगरा आवाज आला. गावासारखे तेही मला सिस्टर म्हणतात, चिडवायला.

तेवढ्यात शेजारच्या पार्किंगचे काका आले. “ताई, समोरची बस थेट हॉस्पिटलच्या दारात जाते. गाडी लावा इथं, मी आहे.”

ज्याला उभं राहवत नाही त्या माणसाला बसमध्ये कोंबायचं? डोकं नुसतं फिरलं. पण वेळ निघून चालली होती.

बसचा ड्रायव्हर स्वतः खाली उतरला. ह्यांच्या काखेत हात घालून म्हणाला, “सावकाश, काका. आपल्याला घाई नाही.” दोन मुली न सांगता उठल्या. हे नीट टेकेपर्यंत त्याने बस हलवली नाही. शहरातल्या माणसांना मी जन्मभर नावं ठेवली होती. त्या दिवशी माझी मला लाज वाटली.

बस सुटली आणि मी ओरडले, “अगं बाई, किल्ली!”

किल्ली गाडीतच राहिली होती. आमच्याकडे ती गाडीतच असते. मी लसीकरणाला गेलेली असले आणि कुणावर वेळ आली, तर ज्याला येते त्याने चालवत न्यावी. शहराच्या तोंडाशीही मी सवयीने तेच करून आले होते. उठायला लागले तर ह्यांनी मनगट धरलं.

“बस गं.”

“बस काय? गाडी गेली तर उद्या कशाने यायचं?”

“बस म्हटलं ना. इतके दिवस मागून नुसता तुझा अंबाडा बघतोय. आज जरा तोंड दाखव.”

मी बसले. त्यांच्याकडे वळले. रोज मीच त्यांना भरवत होते, पुसत होते, औषधं देत होते, पण सगळं नर्सच्या हातांनी. माणसाकडे बघायचं राहूनच गेलं होतं. गाल पार आत गेले होते. कॉलर गळ्याभोवती लोंबत होती. आणि हे मात्र खिडकीतून मजेत दुकानं बघत होते.

“ते बघ, चष्मेवाला. बोर्ड उलटा लावलाय लेकाने.”

मी हसले आणि रडलेही. हॉस्पिटल येईपर्यंत त्यांचा हात सोडला नाही. लग्नानंतर चारचौघांत असा कधी धरला नव्हता.

परत आलो तेव्हा पार्किंगचे काका गाडीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. “ताई, किल्ली ठेवून कुणी जातं का? जेवायलासुद्धा घरी गेलो नाही मी.” मी हात जोडले.

शिपाईही धावत आला. “मावशी, साहेबांना विचारलं. पेशंट असला तर सूट आहे. उद्या गाडी थेट आत न्या.”

सकाळी मी ह्याचा बाप काढला होता, आणि हा दिवसभर माझ्यासाठी विचारत बसला होता!

“तुझं भलं होवो, बाळा. पण आम्ही बसनेच जाऊ.”

“पण आजारी काकांना त्रास होईल,” शिपाई म्हणाला.

“होऊ दे,” हे मागच्या सीटवरून म्हणाले.

शहर मागे पडलं. पुढे खड्ड्यांचा रस्ता, समोरून उसळत येणारे ट्रक. नजर हलवायची सोय नव्हती. मागून हे काहीतरी सांगत होते, पण त्यांचा आवाज इंजिनाच्या घरघरीत बुडत होता. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा कळलं नाही.

“अहो, उद्या सांगा,” मी समोर बघतच मोठ्याने म्हटलं. “उद्या, बसमध्ये.”