वर म्हणजे नेमकं कुठे

अल्माटीत वर म्हणजे डोंगराकडे आणि खाली म्हणजे डोंगरापासून लांब, हे दुधपित्या पोरालाही कळतं. रिझवानगुल आपाचा तंदूर चौकाच्या वरच्या कोपऱ्यावर होता, ल्युदमिला किमचा कोरियन सॅलडचा ठेला खालच्या. मध्ये रस्ता. एकोणीस वर्षं रोज दुपारी मटण भरून तंदुरात भाजलेले चार सामसे खाली जात आणि गाजराच्या तिखट किसाची वाटी वर येई. या ने-आणीतच भांडणं, गल्लीतल्या भानगडी आणि दोघींच्या सुनांचा उद्धार उरकून जाई.

आता नेमकी याच रस्त्यावरून हलकी रेल्वे न्यायचं घाटत होतं. रूळ जमिनीवरून गेले तर दोन्ही अंगांना कुंपण येणार आणि पलीकडे जायला पाऊण किलोमीटरचा वळसा पडणार. तोवर सामसा गार. गार सामशाला ल्युदमिला हात लावणार नाही, आणि एकटीने जेवायचं या नुसत्या विचारानेच आपाच्या घशाखाली घास उतरेना.

शनिवारी सकाळी शाळेच्या व्यायामशाळेत लोकांची मतं घ्यायला सभा भरली. इंजिनियर येरझात अस्तानाहून आला होता. अस्ताना म्हणजे पोळपाटासारखं सपाट शहर, तिथे वर म्हणजे थेट आभाळ. त्याने अर्धा तास समजावून सांगितलं, पण माइक बंद होता. माइक सुरू झाला तेव्हा लोकांच्या कानावर एवढंच पडलं : "तर मंडळी, गाडी आहे तिथूनच नेऊ, वरून नेऊ, की खालून?"

आपा ताडकन उठली. "वरून न्या. वरच्या लोकांना फार शांतता लाभलीय. त्यांनाही जरा खडखडाट ऐकू दे."

"वरचे लोक?" येरझातने छताकडे पाहिलं.

"प्रोफेसर, डॉक्टर, सगळे तिथेच गेलेत."

येरझातला काही सुधरेना. तेवढ्यात वरच्या गल्लीत राहणारे मार्कलेन आगा उठले. चाळीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. "आम्ही काय घोडं मारलंय? खालून न्या. तिथे नुसती गोदामं आहेत."

"खाली गोदामं आहेत?" येरझात घाबरला. "किती खोल, आगा?"

"खोल कशाला? दहा मिनिटं चाललं की आलीच. थांबा, दाखवतो." आगा भिंतीवरच्या नकाशाशी गेले, तळाशी काढलेल्या डोंगराकडे तुच्छतेने पाहिलं आणि नकाशा काढून उलटा टांगला. "आधी डोंगर वर घ्या. मग बोलू."

शेवटी हात मोजले. वरून, एकसष्ट. खालून, अठ्ठावन्न. ल्युदमिलाने दोन्ही वेळा हात वर केला. बला इथून टळल्याशी तिला मतलब. आहे तिथूनच न्या म्हणणारं एक माणूस निघालं नाही.

"म्हणजे जमिनीवरून नको, यावर एकमत आहे," येरझात खूश होऊन म्हणाला. "बहुमत वरून. या चौकात आठ मीटर उंच खांब उभे राहतील, गाडी त्यांच्यावरून जाईल आणि खालचा रस्ता मोकळा."

आगांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "अहो, पण आम्ही तर..."

आपाच्या डोक्यात तोवर लख्ख प्रकाश पडला होता. रस्ता मोकळा. आता आगांनी तोंड उघडलं तर पुन्हा मतदान, आणि मग आगीतून फुफाट्यात. तिने पिशवीतला सामसा काढून त्यांच्या तोंडाशीच धरला. "आगा, गाडी तुमच्या गल्लीत येत नाहीये ना? मग खा गुपचूप."

आगांनी खाल्ला.

जाताना कारकुनाने सह्या घेतल्या. तोही अस्तानाचाच. "आपा, तुमचा तंदूर कुठे?"

"चौकाच्या वर."

"आणि तुमचा ठेला?"

"चौकाच्या खाली," ल्युदमिला म्हणाली.

दोन महिन्यांनी मंजूर झालेला आराखडा चौकात लावला. मध्ये पूल, त्याच्यावर आठ मीटर उंचीवर 'तंदूर, रिझवानगुल', आणि रस्त्याखाली मातीच्या पोटात 'सॅलड, किम'.

ल्युदमिलाने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "बघ गं. सरकारने तुला वर पाठवलं आणि मला पुरलं."

"पाठवू दे." आपाने सगळा कागद बोटाने चाचपडून पाहिला. कुंपणाची रेघ कुठेही नव्हती. तिचे डोळे भरून आले, आणि ल्युदमिलाने ते पाहिलं म्हणून तिला रागही आला. "मेल्यावर तरी वेळेवर जेवत जा. चल, सामसे गार होतायत."