ज्यांच्यापुढे कोणी नाही

धाकट्या सुनेने यादी तिसऱ्यांदा काढून पाहिली आणि कीबोर्डवरचे हात मांडीत घेतले.

टेबलापलीकडे लसूण सोलत बसलेल्या सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे.

"अडलं का घोडं? सकाळपासून टकटक चाललीय, आता एकदम मुकी झालीस."

"इस्पितळाचं काम आहे, आई. प्रत्येक रुग्णाच्या नोंदीला एका नातेवाइकाची नोंद जोडलेली हवी. कुणाला ती नाही, ते शोधत होते."

"मग इतकी वर्षं काय झोपा काढत होते ते?"

"यादी काढायचे, पण रुग्ण आणि नातेवाईक अशा जोड्यांचीच. ज्याला कोणी नाही त्याची जोडीच लागत नाही, मग तो यादीत यायचाच नाही. मी आज आधी सगळे रुग्ण घेतले आणि ज्यांच्यापुढची जागा रिकामी, तेवढे वेगळे काढले."

"म्हणजे जेवायला बसलेल्यांनाच विचारायचं, उपाशी कोण राहिलं म्हणून. धन्य ती शिकलेल्यांची अक्कल."

सून हसली नाही. सासूबाईंनी सुरी खाली ठेवली.

"बोल."

"मोठे भाऊजी आहेत यात."

अकरा वर्षांपूर्वी दारात उभं राहून, चार शेजाऱ्यांदेखत सासूबाईंनी थोरल्या मुलाला सांगितलं होतं, तुला कोणी नाही असं समज. तेव्हापासून त्याचा विषय घरात निघाला नव्हता.

"कशावरून म्हणतेस?"

"नाव, जन्मतारीख. डाव्या मनगटावर भाजल्याची खूण."

सासूबाई उठल्याच. लसणाचे हात पदराला पुसले.

"कुठल्या खोलीत आहे? चल. बोलायचं ते मी बोलणारच त्याला, पण चल."

"दोन वर्षं झाली, आई." सुनेचा आवाज खाली गेला. "एकोणीस दिवस होते तिथे. गेले. कुणाला कळवायचं, असं विचारल्यावर कोणी नाही म्हणाले. तसं लिहून ठेवलंय."

सासूबाई हळूहळू खाली बसल्या. सोललेल्या पाकळ्या उगीचच एका बाजूला सारल्या.

"जन्मात कधी ऐकलं नाही माझं," त्या म्हणाल्या. "नेमकं हेच ऐकलं."

मग त्यांनी मान वर केली.

"लिही आता. नातं, आई. पत्ता हाच."

सुनेने त्याची नोंद उघडून लिहिलं. मशीनने ते घेतलं नाही. रुग्ण गेल्यावर बंद केलेल्या नोंदीत नवं काही जोडता येत नव्हतं. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

"लिहिलं, आई."

सासूबाई तिच्या मागे येऊन वाकल्या. अक्षरं त्यांना धड लागत नसत. पडद्यावरून सरकत गेलेलं बोट शेवटच्या चौकटीशी थांबलं.

"रिकामी जागा दिसते गं मला. तिला काय वाचायचं असतं?"

सासूबाईंनी बोट तिथून काढलं नाही.