वाघरीची मांडणी

"वाघर खाली ठेव, गोजे," बिरप्पा दारातनंच म्हणाला. "मेंढरं कोंडायची जाळी हाय ती. माझ्या बापानं हातानं वळलीया. पाला वाळवायला न्हाय."

गोजाबाई शिडीवर उभी राहून आढ्याची वाघर वडत हुती. हात काय थांबला न्हाय.

"मेंढरं आता लोखंडी जाळीत कोंडतासा. हितं निस्ती उंदरं पोसायली ही."

"दिवाळीला हळदकुकू वाहतीस की तिला. देवाची हाय ती."

"मग कामाला लावली म्हणून देव रागावतोय व्हय? बसून खानाऱ्यावर रागावतोय त्यो."

बिरप्पाला टोला बरोबर लागला. पर बोलायचं ते त्यो आदीच बोलून बसला हुता. मैंदर्गी गावाच्या अंगाला त्यांचं एकरभर मुरमाड रान, आन त्यात गोजाबाईची तीस शेवग्याची झाडं. बी तिनं म्हायेरनं पदराला बांधून आणलं हुतं. पाला वाळवून दे, मी घेते, असं गावातली मुमताज म्हणाली. तिची गिरणी हुती, पाला दळून पावडर शहरात पाठवायची. पैल्या खेपेला गोजाबाईनं पत्र्यावर उनात टाकला, त्यो कडब्यागत पिवळा पडला. दुसऱ्या खेपेला खोलीत पोत्यावर पसरला, त्याला बुरशी धरली. दोन्ही येळला मुमताजनं मान हलवली आन टेम्पो मोकळा गेला.

मग बिरप्पानं सांगून टाकलं, "सोमवारी मुमताजनं पाला उचलला तर झाडं ऱ्हातील. न्हाय उचलला, तर ट्रॅक्टरवाला सिद्धराम साखळी लावून ती उपटून काढल. शाळू जोंधळ्याची पेर चुकवायची न्हाय मला."

आज बेस्तरवार हुता.

सपराच्या सावलीत गोजाबाईनं बाभळीचे चार मेढे रवले, कळकाच्या काठ्या आडव्या बांधल्या आन चार कप्प्यांची मांडणी उभी केली. मुमताजनं सांगितलं हुतं, ऊन नको, वारं खालनं-वरनं खेळलं पायजे. तिनं वाघर दुमती करून कप्प्याला बांधली आन हात ठेवला, तशी जाळी झोळीवानी खाली आली.

बिरप्पा बाजंवर बसून बघत हुता. दुसरी गाठ सुटली. तिसरी सुटली. शेवटाला त्यो उठलाच.

"सर तिकडं. वाघरीची गाठ अशी मारत्यात व्हय? कोकरूसुदा हसल."

सांजपतुर त्यानं चारी कप्पे ढोलकीगत ताणले. गोजाबाईनं हिरवे फाटे धुऊन, निथळून वर पसरले आन खाली धुतलेलं लुगडं आंथरलं. पाला वाळला की आपसूक गळून लुगड्यावर पडायचा. शुक्रवारी आभाळ भरून आलं, तसं तिनं दिसातनं धा बारी फाटे खालवर केले. शनवारी वारं सुटलं. रविवारी लुगड्यावर पाला पडला त्यो कुरकुरीत, आन हिरवागार. बिरप्पानं मूठभर उचलला, बघितला, परत ठेवला.

"बरा हाय," म्हणाला. त्याच्या तोंडनं येवढं लई झालं.

सोमवारी मुमताजचा टेम्पो आला, तवा सिद्धराम बांधावर ट्रॅक्टर लावून बसलाच हुता. मुमताजनं पाला हातात घेतला. रंग बघून तिचं तोंड फुललं. मग वंजळ नाकाला लावली, आन तोंड मिटलं.

"गोजाक्का, ये क्या? पाल्याला मेंढराचा वास येतोय."

"न्हाय गं."

"येतोय. लेंड्यांचा, मुताचा. माणसांनी खायची पावडर हाय, अक्का."

गोजाबाईनं वास घेतला. शेवग्याचाच आला. परत घेतला. "अवं, तुमी बघा," ती म्हणाली. बिरप्पानं छाती भरून वास घेतला. त्यालाबी काय लागला न्हाय.

"तुमाला कसा येईल?" मुमताज म्हणाली. "जन्म गेला त्यात. कशावर वाळवला?"

गोजाबाईनं मांडणीकडं बोट केलं. मुमताज जाऊन वाघरीजवळ वाकली आन नाकाला पदर लावून माघारी आली. "मांडणी एक नंबर. वाळलाय बी झकास. जाळी तेवढी चुकली."

सिद्धरामनं बांधावरनं हाळी दिली, "काय ठरलं, बिरप्पा? लावू का साखळी?"

गोजाबाई खाली बसली. तिनं नवऱ्याकडं बघितलं न्हाय, झाडाकडंबी न्हाय.

बिरप्पा उसळला. "माझ्या बापाच्या वाघरीला ही नाक मुरडून गेली तर गावात काय सांगतील? बिरप्पाची मांडणी नासकी?"

"मांडणी नासकी न्हाय म्हणले की मी," मुमताज म्हणाली. "जाळी बदला. मच्छरदाणी हाय का घरात? धुऊन लावा. पुढल्या सोमवारी बघते."

मच्छरदाणी एकच हुती. रातीला मेंढरांच्या वाड्याजवळ निजताना बिरप्पा ती लावायचा. त्यानं एकडाव मांडणीकडं बघितलं. मग बांधाकडं तोंड करून वरडला, "सिद्धराम, जा आज. पुढल्या सोमवारी ये."

"पेर?"

"मातीत ओल हाय अजून. जा म्हणतो न्हवं."

वाघर काढायला गोजाबाईनं विळा उचलला, तसा त्यानं तिचा हात धरला. "कापू नको. सोडव." दोघं समोरासमोर बसली आन एक एक गाठ सोडवली. नासका पाला मेंढरास्नी टाकला. त्यांनी त्यो एका दमात संपवला.

पुढल्या सोमवारी मुमताजनं मच्छरदाणीवर वाळलेल्या पाल्याची पुन्यांदा वंजळ भरली, नाकाला लावली आन डोळं मिटलं. बांधावर ट्रॅक्टर धडधडत हुता.

"आतिफ," मुमताजनं ड्रायव्हरला हाक दिली, "पोती उतरव. भरून घे सगळा."

बिरप्पानं सिद्धरामला नुसता हात हलवला, जा म्हणून. ट्रॅक्टर वळला. मग त्यो पाठ करून मेंढरं मोजायला लागला, वीसच्या वीस, दोनदा. त्याच्या मानंवर, कोपरावर, कानामागं तांबड्या गांधी उठल्या हुत्या.

"डासं लई हायती का वो वाड्याजवळ?" गोजाबाईनं इचारलं.

"न्हाईत," बिरप्पा म्हणाला, आन करकरून मान खाजवली.